झगा बोलेना

मेळ्याच्या सकाळी आर्डिसला घास गिळवत नव्हता. आर्डिसला! जिच्या ताटातली तळलेली पोळी आजवर कधी थंड झाली नाही, तिने नुसती काळी कॉफी घेतली आणि तीही अर्धी बसच्या चाकावर ओतली. कारण बसमधे, अगदी मागच्या लांब सीटवर, पांढऱ्या चादरीत गुंडाळलेला नवा झगा पडला होता. दर थोड्या वेळाने ती बसमधे चढायची, चादरीचं टोक उचलून बघायची आणि खाली उतरायची. झगा काही पळून जाणार नव्हता, पण ते तिच्या पायांना कोण सांगणार?

बस शाळेची होती. उन्हाळ्यात शाळा बंद असली की त्यांच्या आदिवासी गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना नाचाच्या मेळ्याला आणायचं काम आर्डिसचं. आजही तिने सगळ्यांना तळ्याकाठच्या मैदानावर आणून पाइनच्या सावलीत, आपापल्या घडीच्या खुर्च्यांवर बसवलं होतं. त्यांच्यातच तिची ओडील मावशी होती, मांडीवर घोंगडी, डोळ्यांवर काळा चष्मा. मावशीची नजर जाऊन बरीच वर्षं झाली होती. आता हृदयाची एक झडप रुसली होती आणि सोमवारी दुलुथ शहरातल्या मोठ्या इस्पितळात तिची छाती उघडायची होती.

हे ठरलं ते गेल्या शरदात, तळ्यातला रानतांदूळ झोडपायच्या दिवसांत. तेव्हाच मावशीने लाल फडक्यात बांधलेला चिमूटभर तंबाखू आर्डिसच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "ऑपरेशनच्या आधी माझ्यासाठी नाच." बस्स, एवढंच. तंबाखू हातात घेतला, की मग नकार देता येत नाही. आर्डिसने घेतला. पुंगळ्यांच्या झग्याचा नाच हा आजाऱ्यासाठीच असतो. फार मागे एका बापाला आजारी लेकीसाठी तो स्वप्नात दिसला, तेव्हापासूनचा. आर्डिसचा जुना झगा होता, पण तो आता तिच्या अंगात शिरत नव्हता आणि ही बातमी तिने कुणालाही लागू दिली नव्हती. म्हणून नवा.

तो असा: गडद निळं कापड आणि त्यावर पत्र्याच्या पुंगळ्यांच्या ओळी. पुंगळ्या तपकिरीच्या डब्यांच्या झाकणांच्या. एकेक झाकण कापायचं, पकडीने वळवायचं, फितीने लटकवायचं. दुकानात तयार पुंगळ्या मिळतात, पण आर्डिसच्या मते त्या चमच्यांसारख्या वाजतात. गावभरच्या पुरुषांनी झाकणं आणून दिली. त्यांच्या व्यसनाला त्या वर्षी पहिल्यांदाच काही अर्थ आला म्हणायचा.

आणि घेराला पट्टा. पट्ट्यात आर्डिसचा सगळा हिवाळा गेला होता. काळी मखमल, तिच्या पाठीला जाड कॅनव्हस आणि वर मणीकाम. एका सुईत मणी ओवायचे, दुसऱ्या सुईने ते जागच्या जागी टाचत न्यायचे. वेल, वेलाला ओकची पानं, रानगुलाब आणि त्यांच्यामधून डोकावणाऱ्या स्ट्रॉबेऱ्या. त्यांच्या भाषेत स्ट्रॉबेरीला हृदयफळ म्हणतात. मावशीच्या हृदयासाठी आर्डिसने एकेक स्ट्रॉबेरी केली होती आणि तिच्यावरची बारीक बी बोटांना लागावी म्हणून ते मणी किंचित उचलून टाचले होते. बाहेर बर्फाने दार अडलं तरी ती दिव्याखाली मान मोडून बसलेली असायची.

आता खरं सांगायचं तर हे सगळं काही नुसत्या मायेपोटी नव्हतं. आर्डिसला मणीकाम शिकवलं ते ओडील मावशीनेच, आणि शिकवलं ते जिभेच्या छडीने. आर्डिसने मोकाशिनांचा, म्हणजे मऊ कातडी पायताणांचा, पहिला जोड करून दाखवला तेव्हा मावशी म्हणाली, "मणी सुटायचे नाहीत." खांद्यावरची पिशवी केली तेव्हा म्हणाली, "दोरा चांगला ओढलायस." बाळाला बांधून पाठीवर न्यायच्या पाळणा-फळीचा पट्टा केला, लोक लांबून बघायला आले, तेव्हा मावशीने बोटं फिरवली आणि विचारलं, "जेवायला काय आहे?" पन्नाशी उलटली तरी आर्डिसच्या मनात ते एक कुसळ होतं. मावशीने एकदा, फक्त एकदा म्हणावं, की सुंदर आहे. आजचा पट्टा हा त्यावरचा रामबाण उपाय असं तिने मनाशी पक्कं केलं होतं.

"काय गं, अंडं घातलंस की काय बसमधे? सारखी जाऊन बसतेस ती!"

ही ट्वायला. आर्डिसची मामेबहीण. मामेबहिणीने थट्टा करायची आणि आतेबहिणीने ती झेलून परत फेकायची, हा रिवाजच आहे, आणि ट्वायला रिवाजाला फार जपणारी बाई.

"तू लांब राहा," आर्डिस म्हणाली. "आणि तोंड बंद ठेव. आज कुणी माझ्या झग्याचं कौतुक करायचं नाही. नाच होईपर्यंत तरी."

तसं बजावायला कारण होतं. तुमच्या अंगावरच्या वस्तूचं कुणी तोंडावर, मनापासून कौतुक केलं, की ती काढून त्याच्या हातात द्यायची, ही त्यांची जुनी रीत. बहुतेक लोक म्हणूनच जपून बोलतात. ट्वायलाने मात्र या रीतीवर घर सजवलं होतं. त्याच सकाळी ती पलीकडच्या तंबूतल्या एका बाईला म्हणाली होती, "अगंबाई, काय सुरेख कानातले!" आणि आता तेच कानातले हिच्या कानांत हलत होते.

"कौतुक? मी?" ट्वायलाने हात वर केले. "मी तर म्हणणार होते, अतिशय भिकार झगा असणार तो."

"मीग्वेच," आर्डिस म्हणाली. म्हणजे आभारी आहे.

झगा घालून ती बसमधून उतरली तेव्हा बायकांचा घोळका जमलेलाच होता. सगळ्यांचे डोळे पट्ट्यावर खिळले. एकीने आ वासला आणि पटकन स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. दुसरी म्हणाली, "हा झगा... कापडाचा आहे गं!" तिसरी म्हणाली, "निळा आहे. निळाच आहे ना?" ट्वायला कमरेवर हात ठेवून आर्डिसभोवती फिरली, सूर्यप्रकाशात पेटलेले ते लाल मणी तिने बघितले, तिच्या घशाशी काहीतरी आलं, ते तिने मोठ्या कष्टाने गिळलं आणि म्हणाली, "याहून वाईट बघितलेत मी." सगळ्या खो खो हसल्या. आर्डिसचा चेहरा नुसता फुलला होता. एवढं कौतुक तिचं आयुष्यात झालं नव्हतं आणि स्तुतीचा एक शब्दही कुणी उच्चारला नव्हता.

ती तडक मावशीच्या खुर्चीपुढे जाऊन उभी राहिली.

"मावशी, आले बघ मी. हात लाव."

मावशीने हात लावला नाही. तिने मान जराशी वाकडी केली.

"कधी आलीस?"

"ही काय आत्ताच. बसमधून उतरून चालत आले."

"चालत आलीस?" मावशी म्हणाली. "परत जा. बसपर्यंत जाऊन ये."

आर्डिस गेली आणि आली. आता सगळ्यांच्याच ते कानावर आलं, म्हणजे खरं तर आलंच नाही. वरच्या ओळींतून थोडीशी कुजबुज झाली, खालून मात्र काही नाही. नुसता जड कापड घासल्याचा आवाज.

"नाचून बघ," मावशी म्हणाली.

आर्डिसने पावलं टाकली. पट्टा पुठ्ठ्यासारखा ताठ होता. मखमल, कॅनव्हस, वर ते सगळे मणी. त्याच्या वजनाने अख्खा घेर खाली ओढला जाऊन दगडासारखा लोंबत होता. कापड झुलत नव्हतं, आणि कापड झुललं नाही तर पुंगळीला पुंगळी लागत नाही. खालची सर्वांत दाट ओळ तर पट्ट्यातच टाचलेली. पट्टा लावण्याआधी घरी तिने झगा झुलवून बघितला होता, तेव्हा तो छान वाजला होता. पट्टा लावला तो शेवटच्या आठवड्यात, आणि त्यानंतर झगा अंगावर चढवला तो फक्त आरशासमोर. नाचून बघितला नाही, कारण पहिलं पाऊल मावशीसमोर टाकायचं होतं.

"झगा घातलायस की ओलं घोंगडं?" मावशीने विचारलं.

कुणी हसलं नाही. ट्वायलासुद्धा नाही.

"पट्टा काढावा लागेल," ती हळूच म्हणाली. "घेराचा. सगळाच."

"पट्टा निघणार नाही!" आर्डिस अशी कडाडली की शेजारच्या तंबूतलं कुत्रं उठून गेलं. "अख्खा हिवाळा घातलाय मी त्याच्यात! पट्टा काढायचा तर मी नाचतच नाही!"

"मग नको नाचूस," मावशी शांतपणे म्हणाली. "मला डोळे असते तर तुझा पट्टा बघितला असता. मला कान आहेत, पोरी. सोमवारी मला झोपेचं औषध देतील तेव्हा आठवायला एक आवाज हवा होता. तेवढ्यासाठी तंबाखू दिला होता मी."

आर्डिस तोंड फिरवून बसच्या मागे गेली. तिथे तिने टायरला एक लाथ घातली. मग रडली. रागाने रडली, अपमानाने रडली, आणि मधेच तिला तो लाल फडक्यातला चिमूटभर तंबाखू आठवला आणि ती लाजेने रडली. मावशीने पट्टा मागितला नव्हता. पट्टा आर्डिसनेच आर्डिससाठी केला होता. हे एकदा मनाला कळलं, की पुढचं अवघड असलं तरी लांब राहत नाही.

ती परत आली तेव्हा डोळे लाल होते आणि हातात कात्री होती.

"बघत काय बसलात?" ती ओरडली. "सुया काढा!"

मग काय विचारता! "होवा!" अशी एकच आरोळी उठली, डबे उघडले, पिशव्या उलट्या झाल्या, ज्या बाईकडे सुई नव्हती तिच्या टोपीत निघाली. आर्डिस झगा घालूनच बसच्या पायरीवर उभी राहिली, कारण काढून परत घालायला वेळ कुणाला होता? खाली बायका गुडघ्यांवर बसल्या, आणि ट्वायलाच्या हातात कात्री दिली ती आर्डिसने स्वतः.

"मीच का?" ट्वायला म्हणाली.

"कारण तुझंच लक्ष आहे त्याच्यावर सकाळपासून. जपून कापशील."

टाके उसवायला लागले. पट्टा घेरापासून इंचाइंचाने सुटत गेला आणि त्याच्यासोबत खालच्या ओळीच्या पुंगळ्या सुटून मोकळ्या फितींवर लोंबू लागल्या. त्या आता कापडावरच टाचायच्या होत्या, एकमेकींना भिडतील इतक्या जवळ, पण गुंतणार नाहीत इतक्या लांब. मैदानावर मोठा ढोल गरजला. लाउडस्पीकरवरून माइकवाला ओरडला, "नाचणारे सगळे पूर्वेच्या दाराशी या! कार्यक्रम एकचा होता, म्हणजे दोन वाजता सुरू होतोय, म्हणजे आपण वेळेच्या आधीच आहोत!"

"प्रवेशाची मिरवणूक चुकणार तुझी," एक बाई म्हणाली.

"चुकू दे. टाच तू."

"हलू नकोस मेले, सुई टोचेल."

"टोचू दे. टाच!"

झेंडे गेले, गरुडपिसांची काठी गेली, म्हातारे सैनिक गेले, मग पुरुष, मग बायका, आणि आर्डिस बसच्या पायरीवर खांबासारखी उभी. टाचा तेवढ्या तिच्या जागच्या जागी ढोलावर उचलल्या जात होत्या. प्रत्येक उचलीसरशी खालून एखादी नवी पुंगळी बोलायची. छण. मग दोन-तीन. मग एका बाजूने सगळ्याच. घोळक्यातल्या बायका मान वर करून एकमेकींकडे बघायच्या आणि पुन्हा सुईत डोकं घालायच्या. निघालेला पट्टा ठेवायला कुठे जागाच नव्हती, तेव्हा ट्वायलाने तो घडी करून ओडील मावशीच्या मांडीवर ठेवला.

"सांभाळ गं आत्या जरा," ती म्हणाली आणि पळाली.

इतक्यात माइकवाल्याचा आवाज एकदम खाली आला. थट्टा संपली होती. "आता पुंगळ्यांच्या झग्यांचं आजाऱ्यांचं गाणं. आपल्या ओडीलबाईंसाठी मागितलंय. सगळ्यांनी उठून उभं राहावं. टोप्या काढाव्यात."

"झालं का?" आर्डिस ओरडली.

"एवढी शेवटची—"

"राहू दे!"

आणि ती धावली. शेवटच्या पुंगळीला सुई तशीच लोंबत होती, मागे दोरा उडत होता. मैदानाच्या दाराशी ती पोचली आणि तिचं तिलाच ऐकू आलं: झगा बोलत होता. बोलत कसला, खळाळत होता. पाऊस पत्र्यावर यावा तसा. कापड हलकं होऊन झुलत होतं आणि झाकणाला झाकण लागत होतं, गावभरच्या तपकिरीची झाकणं!

ढोल हळू पडू लागला. बायकांचं रिंगण ढोलाभोवती आडव्या पावलाने सरकायला लागलं, कडेने कड, टाच आणि चवडा, टाच आणि चवडा. आर्डिसने मान ताठ केली. नाचताना तिला पट्ट्याची आठवण झाली नाही, हे तिला नंतर आठवून आश्चर्य वाटलं. तिला एवढंच कळत होतं, की रिंगण फिरत फिरत पाइनच्या बाजूला आलं की तिथे एक काळा चष्मा असेल. ढोलावर मानाचे ठोके पडले तसा तिने पिसांचा पंखा वर उचलला, आणि बघितलं तर मावशी उभी होती. खुर्चीत बसूनच ऐकायचं असं डॉक्टरांनी बजावलेली मावशी, शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या ट्वायलाचा हात न धरता, आपल्या पायांवर उभी. मान तिने तशीच वाकडी केलेली होती आणि तिची टाच ढोलावर उचलली जात होती. आर्डिसला इतका आनंद झाला, की तो छातीत मावेना. तिने पावलं आणखी जोरात मारली, वयाला न शोभतील अशी. झग्याने ती सगळ्या मैदानाला ऐकवली.

गाणं संपलं. लोक टोप्या घालू लागले. आर्डिस घामाने निथळत, धापा टाकत पाइनखाली आली. सुई अजून लोंबतच होती.

मावशी पुन्हा खुर्चीत बसली होती. मांडीवर पट्टा उलगडलेला होता आणि तिची बोटं त्याच्यावरून चालली होती. वेलावरून पानावर, पानावरून गुलाबावर. घाई नव्हती. आर्डिस बोलायला गेली, तर ट्वायलाने तिचा दंड धरून तिला थांबवलं.

बोटं स्ट्रॉबेरीपाशी आली. त्यांनी ते उचललेले बारीक मणी चाचपले. पुढे गेली, दुसरी स्ट्रॉबेरी सापडली. मग आणखी एक. बोटं मग फक्त स्ट्रॉबेऱ्याच शोधत गेली, पट्ट्याच्या टोकापर्यंत. तिथे मावशीने दोन्ही हात पट्ट्यावर पसरून ठेवले.

"आर्डिस," ती म्हणाली, "हे फार सुंदर आहे."

घोळक्यात एकीने श्वास आत ओढला. ट्वायलाच्या कानांतले ते कौतुकाचे कानातले हलायचे थांबले.

"आत्या," ती म्हणाली, "काय बोललीस ते कळतंय ना तुला? आता ते—"

"मी आंधळी आहे, वेडी नाही," मावशी म्हणाली. "म्हणूनच बोलले. सोमवारी उशाशी न्यायचंय मला."

इतकी वर्षं साचलेलं नेमकं तेच आर्डिसच्या तोंडून निघालं, लहान पोरीसारखं, "मग आधी कधीच का नाही म्हणालीस? मोकाशिनांना नाही, पिशवीला नाही. एकदाही नाही."

"म्हणाले असते, तर तू ते तिथल्या तिथे माझ्या हातात दिलं असतंस. तुझ्या आईचं तेच. अंगावर एक वस्तू टिकली नाही तिच्या." मावशीने मान हलवली. "कुणीतरी तुझ्या घरात तुझं काम राहू द्यायला नको? ही ट्वायला तर टपलेलीच."

"ए आत्या!" ट्वायला म्हणाली, पण तिने डोळे पुसले.

आर्डिस खाली गुडघ्यांवर बसली. तिने पट्टा उचलला आणि रीतीप्रमाणे दोन्ही हातांनी मावशीच्या खांद्यांवर घातला. तो काळा पट्टा मावशीच्या अंगावर ताठ बसला आणि त्याची दोन्ही टोकं छातीवर आली, नेमकी जिथे यायला हवी होती तिथे. आर्डिस हसत होती आणि रडत होती, आणि ते लपवायची तिला काही गरज वाटली नाही. समोरची बाई तरी बघू शकत नव्हती.

पण मावशीने हात पुढे करून तिचा ओला गाल बरोब्बर शोधला. मैदानात ढोल पुन्हा सुरू झाला होता. माइकवाला सगळ्यांना रिंगणात बोलवत होता, म्हाताऱ्यांना, पोरांना, आईसक्रीमच्या रांगेत उभ्या असलेल्यांनाही.

"ऊठ," मावशी म्हणाली. "जा, नाच. आत्ता कुठे बोलायला लागलाय तो झगा, इथे बसून त्याला गप्प करू नकोस."